रिकाम्या खुर्चीचं पान

ह्येरानने घरच्यांना समुपदेशकाकडे न्यायचं ठरवलं, तेव्हा खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर प्यॉन घराण्यातलं कुणी जागचं हललं नसतं. तिने एवढंच सांगितलं, की वर्गात पहिली यायची ती मुलगी तिसरी आलीय आणि शाळेतल्या बाई म्हणतात, घरातलं वातावरण एकदा कुणाला तरी दाखवून घ्या. देगू शहरात नातीच्या मार्कांसाठी आजोबा हजार पायऱ्या चढून डोंगरावरच्या दगडी बुद्धाला साकडं घालून येतात. त्यामानाने हा दवाखाना दुसऱ्याच मजल्यावर होता आणि लिफ्टही होती. त्यामुळे बहात्तर वर्षांचे सासरे हाकचुन टाय बांधून तयार झाले, आणि बाबा निघाले म्हटल्यावर ह्येरानचा नवरा ग्यूहोही निघाला. जिच्या नावाने हे सगळं चाललं होतं, ती मुलगी मात्र एकदाही आली नाही. मंगळवारी तिचा गणिताचा क्लास असे.

खरं कारण होतं छुसॉक. शरदाच्या पौर्णिमेला घरोघर पितरांना पान वाढतात, तसं ते प्यॉनांच्या घरीही वाढलं जाई. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि अकराही वर्षं ह्येरान सणाच्या आदल्या दिवशी फरशीवर वर्तमानपत्रं पसरून बसली होती आणि मासा, भोपळा, टोफू यांचे काप पिठात घोळवून, अंड्यात बुडवून तळत राहिली होती. पितर प्यॉनांचे आणि तळणारी ही. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून उलथनं तिच्या एकटीच्या हातात आलं. उजवा गुडघा आता उठताना कटकट वाजायला लागला होता. सणाच्या सकाळी विधी, दुपारी भांडी, आणि भांडी आवरून माहेरी निघावं म्हणून ती ॲप्रनची गाठ सोडते न सोडते तोच नणंद माहेरपणाला दारात हजर. "वहिनी, तुझे काप खायलाच आले बघ!" नणंदेने माहेरी यायचं म्हणून ह्येरानने माहेरी जायचं नाही, यात काही चुकतंय असं त्या घरात कुणालाही वाटत नव्हतं.

ह्येरानचं माहेर थोंगयंगला, बसने दोन तासांवर. हिवाळ्यात तिचे वडील गेले होते. हे पहिलंच छुसॉक. तिला भाऊ नव्हता.

"तू येऊ नकोस हं," आई फोनवर म्हणाली होती. "सासरचं आधी. मी दोन नासपती आणल्यात, तेवढं बास. तुझ्या बाबांना तशी नासपती आवडायचीही नाही फारशी."

"पण विधीला कोण आहे, आई?"

"मी आहे ना."

फोन ठेवला तेव्हाच ह्येरानने ठरवलं. यंदा काही झालं तरी जायचं. पण हे सासऱ्यांना सांगायचं कसं? अकरा वर्षांत तिने त्यांना 'जेवायला चला'पेक्षा लांब वाक्य ऐकवलं नव्हतं. आणि अशा वेळी तिला क्वाक सरांची जाहिरात दिसली.

क्वाक सर नऊ वर्षं अमेरिकेत राहून कौटुंबिक समुपदेशन शिकून आले होते. तिकडची कुटुंबं म्हणे पहिल्या भेटीत एकमेकांवर ओरडतात, दुसऱ्या भेटीत रडतात, तिसऱ्या भेटीत गळ्यात पडतात आणि चौथ्या भेटीला येतच नाहीत. माणूस इथूनतिथून सारखाच, आपल्याकडे झाकणं जरा घट्ट बसलेली असतात एवढंच, असं सरांचं मत होतं. झाकण उघडायची सगळी हत्यारं त्यांनी तिकडून आणली होती.

पहिल्या मंगळवारी खोलीत चार खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. "इथे सगळे समान," क्वाक सर प्रसन्नपणे म्हणाले. "कुणीही कुठेही बसा."

इतकं अवघड काम प्यॉन कुटुंबाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. हाकचुन मानाची जागा शोधू लागले, पण गोलाला वरचं टोक असतं कुठे? ते उभे, म्हणून ग्यूहो उभा. ग्यूहो उभा, म्हणून ह्येरान उभी. दोन-अडीच मिनिटं खोलीत नुसत्या खुर्च्याच बसलेल्या होत्या. शेवटी हाकचुनांनी दारापासून सगळ्यात लांबची, भिंतीला टेकलेली खुर्ची हेरली आणि तिच्यात बसले. ती नेमकी क्वाक सरांची होती. सरांचा चष्मा आणि अर्धा कप कॉफी हाकचुनांच्या कोपरापाशी राहिली आणि सर दाराजवळच्या खुर्चीत, म्हणजे जिथे घरातलं सगळ्यात धाकटं बसतं तिथे, जाऊन टेकले. पुढचं सगळं तिथेच ठरलं.

"तुमचं वय काय, सर?" हाकचुनांनी विचारलं.

"इथे वयाचा प्रश्न..."

"नाही, कसं बोलायचं ते ठरवायला बरं पडतं."

"पंचेचाळीस."

"इथलेच का? शाळा कुठली?"

सरांनी शाळेचं नाव सांगितलं. हाकचुनांच्या भुवया वर गेल्या. "कितवी बॅच?"

"अठ्ठावन्नावी."

"मी एकतिसावी."

क्वाक सर उभे राहिले. त्यांना उठायचं नव्हतं, गुडघेच उठले. नऊ वर्षांची अमेरिका कंबरेतून वाकली आणि पार जमिनीकडे बघू लागली. "माफ करा, सर. मला कल्पना नव्हती."

"बस रे, बस," हाकचुन म्हणाले. तेव्हापासून खोलीतलं 'सर' बाजू बदलून गेलं. "बरं झालं आपलाच निघालास. आई-बाप आहेत? छुसॉकला गावी जातोस ना?"

"मी... दर छुसॉकला विमानाने कुठेतरी बाहेर जातो, सर. यंदा व्हिएतनाम. स्वतःसाठी वेळ काढतो. आमच्या शास्त्रात याला सीमा आखणं म्हणतात."

"थोरला आहेस की धाकटा?"

"थोरला."

"मग तुझ्या आजोबांचं पान कोण वाढतं?"

"धाकट्या भावाची बायको बघते ते."

ह्येरानने मान वर करून क्वाक सरांकडे पहिल्यांदा नीट बघितलं. सरांनी घाईघाईने विषय बदलला. "तर, सर, आत्ता या क्षणी तुम्हाला काय वाटतंय?"

"जेवलोय."

"मनात, सर. मनात काय वाटतंय?"

"मनात काय वाटायचंय? म्हटलं ना, जेवलोय."

"ग्यूहो, तुम्हाला?"

"बाबांना वाटतंय तेच," ग्यूहो म्हणाला.

मग ह्येरानची पाळी आली. वाक्य तिने आठवडाभर घोकलं होतं. "मला असं वाटतं, की यंदाच्या सणाला मी..." इथे हाकचुन खाकरले. राग नव्हता, नुसता कफ होता. पण अकरा वर्षांत राग आणि कफ वेगळे ओळखायची वेळ तिच्यावर आलीच नव्हती. "...काप जरा कमी तेलात तळले तर तब्येतीला बरं," असं म्हणून तिने वाक्य कसंबसं काठाला लावलं. क्वाक सरांनी वहीत लिहिलं, 'सुनेने मन मोकळं केलं.'

दुसऱ्या मंगळवारी पाच खुर्च्या होत्या. "ही पाचवी रिकामी आहे," क्वाक सर म्हणाले. "हिच्यात तुमच्या दिवंगत पत्नी बसल्यात अशी कल्पना करा, सर, आणि राहून गेलेलं बोला. अमेरिकेत या खुर्चीसमोर मी भलेभले रडताना पाहिलेत."

हाकचुनांनी खुर्चीकडे बघितलं. मग क्वाक सरांकडे. "ती इथे येणार?"

"असं समजायचं."

"आणि तिला असं कोरडंच बसवायचं? तुझ्याकडे कुणी गेलेलं माणूस आलं, तर तू त्याला नुसत्या गप्पा वाढतोस?"

हे क्वाक सरांना कुठल्याच पुस्तकात शिकवलेलं नव्हतं. ग्यूहो खालच्या दुकानात पिटाळला गेला आणि सुका मासा, एक नासपती आणि तांदळाच्या दारूची बाटली घेऊन आला. टिशूचा खोका हलवून टेबल खुर्चीपुढे ओढलं गेलं. मासा पूर्वेला, फळ पश्चिमेला की उलट, यावर बापलेकांचं पाच मिनिटं चाललं. त्या खोलीत मनापासून बोललं गेलेलं ते पहिलं संभाषण. मग ग्यूहोने जमिनीला कपाळ टेकवून दोनदा नमस्कार केला.

"तू रे?" हाकचुन म्हणाले. "शाळेतल्या सीनियरच्या बायकोला नमस्कार करायला लाज वाटते?"

क्वाक सरांनीही केला, दोनदा. मग मेल्या माणसाला जेवायला वेळ द्यावा लागतो म्हणून सगळे भिंतीकडे तोंड करून गप्प उभे राहिले आणि वेळ संपली. 'खुर्चीने जबरदस्त काम केलं,' सरांनी लिहिलं.

त्यात खोटं काहीच नव्हतं. घरी परतताना हाकचुन गाडीत म्हणाले, "सूनबाई, आज दुकानातलं चाललं. घाईत होतो. पुढच्या मंगळवारी तिला घरचं पाहिजे."

झालं! वर्षाला पाच पानं वाढणाऱ्या ह्येरानला आता आठवड्याला एक पडलं. तिसऱ्या मंगळवारी सकाळपासून ती फरशीवर बसून तळत होती. सहा डबे, भाताचं भांडं, सूप सांडू नये म्हणून मांडीवर धरलेलं. ही सगळी वरात लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर गेली. दवाखान्याच्या बाहेर बसलेलं एक नवपरिणीत जोडपं वास आल्यावर चुकीच्या मजल्यावर आलो समजून खाली निघून गेलं. आत विधी झाला, मग उरलेलं जेवण झालं, आणि क्वाक सरांनी काप चार वेळा मागून घेतले. "कुटुंब एकत्र जेवतंय," ते तोंडात घास धरून म्हणाले. "बघा किती जवळ आलात."

त्या रात्री... नाही, रात्री ती दमून झोपलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यांना फोन केला. "सर, मी तुमच्याकडे आले ती एक पान कमी व्हावं म्हणून. तुम्ही आठवड्याला एक वाढवलंत."

"तुमचा राग मला ऐकू येतोय. फार छान."

"छान काय डोंबलाचं? सण दहा दिवसांवर आलाय. मला माझ्या आईकडे जायचंय. तुम्ही बाबांना सांगा ना."

"ते एकतिसाव्या बॅचचे आहेत हो," क्वाक सर म्हणाले. "पण एक उपाय आहे. या वेळी तुम्ही स्वतः त्या खुर्चीत बसा. सासूबाई होऊन बोला. त्यांच्या जागी बसलात, की त्यांचं दुःख तुम्हाला कळेल आणि तुमचा राग निवळेल."

ह्येरानने मनातल्या मनात सरांना जे म्हटलं, ते सासूबाईंच्याही तोंडी शोभलं नसतं. पण ती हो म्हणाली. दुसरा मार्गच नव्हता.

चौथ्या मंगळवारी क्वाक सरांनी बेत समजावून सांगितला. हाकचुनांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे हिच्या अंगात येणार?"

"नाही नाही, सर. हे शास्त्र आहे."

"शास्त्रच म्हणतोय मी. माझी आत्या करायची ना. तिला ढोल लागायचा."

"इथे ढोल लागत नाही."

"अमेरिकेत सुधारलंय म्हणजे," हाकचुन समाधानाने म्हणाले आणि टाय सरळ करून बसले.

ह्येरान खुर्चीत बसली. समोर तिनेच तळलेले काप, तिनेच निवडलेली फळं. ग्यूहो पुढे आला आणि तिच्या पायांशी कपाळ टेकवून दोनदा नमस्कार करता झाला. नवऱ्याचं डोकं तिने वरून असं कधी पाहिलंच नव्हतं. मधोमध टक्कल पडायला लागलेलं होतं. त्याच्या मागे क्वाक सर, त्यांचंही तेच. सकाळपासून तेलाच्या धुरात बसून तिचा घसा कोरडा पडला होता.

"ग्यूहो, पाणी आण."

हे तिच्या तोंडून निघून गेलं. अकरा वर्षांत ग्यूहोने तिला पाण्याचा पेला दिला नव्हता. आता तो धावत गेला आणि दोन्ही हातांनी पेला पुढे धरून उभा राहिला.

"गार कशाला आणलंस?"

तो पुन्हा धावला.

"इतकं गरम?"

तो तिसऱ्यांदा धावला, आणि तेव्हा ह्येरानच्या लक्षात आलं की आपण कशावर बसलोय. ती पाठ टेकून, ऐसपैस बसली.

"अहो," ती सासऱ्यांकडे बघून म्हणाली. हाकचुन दचकले. "अडतीस वर्षं मी तुमच्या घराण्याला तळून घातलं. तुमच्या पणजोबांना मासा आवडायचा का?"

"कुणास ठाऊक."

"कुणास ठाऊक! मग मी कुणासाठी तळत होते? हा गुडघा बघा." तिने उजव्या गुडघ्यावर थाप मारली. "उठता येत नव्हतं, भिंत धरून उठायचे आणि पुन्हा तळायला बसायचे. कुणी म्हणालं का कधी, की बाई, आता पुरे?"

हाकचुन त्या गुडघ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग हात मांडीवर ठेवून शाळेतल्या पोरासारखे बसले आणि म्हणाले, "नाही. कुणी नाही म्हणालं."

"यंदा घरात तवा चढवायचा नाही. लेकीला सांगा, तुझ्या सासरी खा. सुनेला तिच्या आईकडे पाठवा. तिचे वडील गेलेत, पहिलंच वर्ष आहे. तिथे म्हातारी एकटी दोन नासपती मांडून बसणार आहे, आणि..." इथे तिचा आवाज फुटला. तो सासूबाईंचा आवाज नव्हता आणि कुणाचाच नव्हता. ती सरळ रडत होती. ग्यूहोच्याही डोळ्यांत पाणी आलं. टिशूचा खोका कपाटावर होता, तो कुणाच्या हाताला येईना.

"बरं," हाकचुन म्हणाले. "पाठवतो. पण मग तू कुठे जेवणार?"

हा प्रश्न ह्येरानच्या गावीही नव्हता. तिने इकडेतिकडे बघितलं. दाराजवळ क्वाक सर वहीत भराभर लिहीत होते. 'ऐतिहासिक' हा शब्द तिला उलटा वाचता आला. सरांच्या धाकट्या भावाची बायको तिला कधी भेटली नव्हती, पण त्या क्षणी ती सख्ख्या बहिणीसारखी डोळ्यांपुढे उभी राहिली, फरशीवर बसलेली.

"इथेच जेवीन," ह्येरान म्हणाली. "या खुर्चीची सवय झालीय मला."

"आणि रांधणार कोण?"

"ज्याने बोलावलं तो."

पेन थांबलं. "सर, माझं तिकीट काढलंय," क्वाक सर म्हणाले. "आणि मी मघाशी... म्हणजे पहिल्या भेटीत सांगितलं होतं, की माझ्या काही सीमा..."

"क्वाक."

"हो, सर."

"मासा ताजा घे."

छुसॉकच्या सकाळी ह्येरान थोंगयंगला आईच्या घरी होती. येताना तिने ताज्या नासपतींची पेटी आणली होती आणि मुलीलाही आणलं होतं, गणिताचा सुट्टीतला जादा क्लास बुडवून. वडिलांच्या फोटोपुढे तिघींनी पान मांडलं. कशाच्या पूर्वेला काय ठेवायचं, हे तिघींपैकी कुणालाच नक्की माहीत नव्हतं, तरी सगळं मावलं. मुलीने नमस्कार केला तेव्हा आई नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिघी जेवायला बसल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला. सासऱ्यांचा होता. मागून तेलाचा चरचर आवाज येत होता.

"आधी पीठ की आधी अंडं?" मागे क्वाक सर कुणाला तरी काकुळतीने विचारत होते.

"मला काय माहीत?" हा ग्यूहोचा आवाज. "मी कधी केलंय?"

मग दार लोटल्याचा आवाज आला आणि चरचर थांबली. हाकचुन दवाखान्याच्या व्हरांड्यात आले असावेत. "पोचलात?"

"हो, बाबा. झालं सगळं नीट."

"हं." ते खाकरले. या वेळी तिला कळलं, कफच होता. "तुझ्या सासूचा गुडघा डावा होता."

ह्येरानने चमचा खाली ठेवला.

"ऑपरेशनच्या कागदावर सही मी केली होती," ते म्हणाले. "डावा. उजवा तुझा दुखतो. आल्यावर डॉक्टरला दाखवून घे."

"बाबा, मी... तुम्हाला कळलं होतं, तर मग तुम्ही ऐकलंत कसं?"

"ती खरीखुरी बोलायची, तेव्हा ऐकलं नव्हतं," हाकचुन म्हणाले. आणि लगेच आवाज चढवून, "क्वाक! अरे, जळतंय तिकडे! धूर येतोय! ठेवतो गं. जेवलीस ना?"

"जेवतेय, बाबा."

फोन बंद झाला. ह्येरानने तो उपडा ठेवला आणि डोळे पुसले.

"कोण होतं?" आईने घाबरून विचारलं. "सासरे? रागावले का? काय म्हणाले?"

"काही नाही," ह्येरान म्हणाली. "जेवलीस का, विचारत होते."